आयरिश पोथीवरचं कुंकू

आई पुण्यात आयसीयूत होती तेव्हा मी मेलबर्नमध्ये आयरिश पोथ्यांची पानं मोजत होते. हे वाक्य मी मनात पुष्कळदा वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलंय. कसंही म्हटलं तरी वाईटच लागतं, म्हणून आहे तसंच ठेवते.

मी एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात काम करते. तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते. "तुला काय आयरिश येतं?" असं आम्ही राहतो त्या टार्निट उपनगरातल्या प्रत्येक हळदीकुंकवात कुणीतरी विचारतंच. नाही येत. माझ्या कामाला ते लागतही नाही. पेटीतून वही काढायची, पानांना पेन्सिलीने बारीक आकडे घालायचे, कुठे फाटलंय, कुठे वाळवीने खाल्लंय ते लिहायचं, मग एकेका पानाचा फोटो. शाईचं पेन खोलीत आणायचं नाही, पाण्याची बाटली आणायची नाही. हातमोजे घालतात असं सगळ्यांना वाटतं, तेही नाही. हात स्वच्छ धुवायचे, कोरडे करायचे आणि पानाला अगदी हलकं धरायचं.

कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि आमच्याच विभागात एक पर्मनंट जागा निघाली होती. एकच. अशा जागा इथे वर्षानुवर्षं निघत नाहीत. इंटरव्ह्यू मंगळवारी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी बाबांचा फोन आला.

"अगं, आईला अ‍ॅडमिट केलंय. मेंदूत रक्ताची गाठ झालीय म्हणतात."

"मी येते बाबा."

"डॉक्टर म्हणतायत स्टेबल आहे. तुझा इंटरव्ह्यू कधी?"

"मंगळवारी."

"मग तेवढं आटपूनच ये की. चार-पाच दिवसांनी काय होतंय!"

मी मंगळवारी रात्रीचं तिकीट काढलं. आई रविवारी पहाटे गेली.

मी एकुलती एक. अग्नी चुलत भावाने दिला. मी ते स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याला फोन टेकवून पाहिलं. रेंज जायची तेव्हा तो बिचारा "दिसतंय का गं? दिसतंय का?" असं सारखं विचारत होता आणि मी "दिसतंय, दिसतंय" म्हणत होते. नंतर बाबांनी फोन हातात घेतला. म्हणाले, "आता येऊन कुणाला भेटणार आहेस? ती गेली. तू इंटरव्ह्यू नीट दे. तेवढं तरी होऊ दे."

नवरा म्हणाला, "तू जा. नोकऱ्या काय, दुसऱ्या मिळतील."

"कुठे आहेत दुसऱ्या? दाखव ना मला. एक दाखव," मी त्याच्यावर खेकसले. तो आयटीतला. त्याला वाटतं, नोकऱ्या झाडाला लागतात. मी तिकीट कॅन्सल केलं.

मंगळवारी इंटरव्ह्यू दिला आणि तो चांगला गेला. खरंच चांगला गेला, हेच तर विशेष. मॅनेजर आणि आणखी दोघे समोर होते. "तुमच्या हातून एखाद्या दुर्मिळ वस्तूचं नुकसान झालं तर काय कराल?" असा एक प्रश्न होता. मी खडाखडा उत्तर दिलं: लगेच सांगेन, लेखी नोंद करेन, काही लपवणार नाही. त्यांनी माना डोलावल्या. निकालाला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. मी दुपारी पुन्हा येऊन पानं मोजत बसले.

ऑफिसात मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कार्ड आलं असतं, फुलं आली असती, सगळ्यांनी मान वाकडी करून "सो सॉरी" म्हटलं असतं आणि मला प्रत्येकाला थँक्यू म्हणत बसावं लागलं असतं. शिवाय मनात धाकधूक होतीच. हिच्या घरी काहीतरी चाललंय, ही आता महिनाभर इंडियाला पळणार, असं त्यांना वाटलं तर? इतकी मोठी किंमत देऊन बसले होते, आता नोकरी गेली तर तेलही गेलं, तूपही गेलं. म्हणून गप्प राहिले.

रडूही आलं नाही. मुलीचे डबे भरत होते, ट्रेन पकडत होते, भाजीत मीठ दोनदा पडत होतं. मुलगी म्हणायची, "मम्मा, इट्स टू सॉल्टी," आणि मी म्हणायचे, "पाणी पी." दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं.

तेव्हा माझ्यापुढे जी पेटी होती ती इथल्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडून आलेली. त्यांचा कुणी पूर्वज दुष्काळात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून बोटीने इकडे आला, त्याने येताना अंगावरच्या कपड्यांबरोबर सात वह्या आणल्या. हाताने लिहिलेल्या. गाणी, वंशावळी, प्रार्थना, गुरांच्या दुखण्यावरचे उपाय, सगळं एकात एक. त्याच्या नातवंडांना त्यातलं अक्षर वाचता येईना आणि फेकवेना, म्हणून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिलं ते चार पिढ्या. शाई तपकिरी झालेली, कोपरे चुलीच्या धुराने काळे. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं दिलेली असतात त्या लिपीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपले अनुस्वारच वाटले होते आणि मी उगीचच ते मनात नाकातून वाचायला लागले होते.

लायब्ररीत कुणालाच ही भाषा येत नव्हती, म्हणून दर गुरुवारी एक रिटायर झालेल्या शिक्षिका मदतीला यायच्या. आपखुशीने, पगार नाही की काही नाही. सत्तरी उलटलेली, हातात काठी, पण डोळे असे लख्ख की विचारू नका. आजीकडून आयरिश शिकलेल्या. इथे सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे, मीही तोंडाने नावच घ्यायचे. पण शिक्षिका म्हटल्यावर मनात मात्र त्या 'बाई'च होत्या.

बाईंनीच मला सांगितलं होतं की वही संपली की हे लेखक शेवटी चार ओळी स्वतःच्या लिहितात. बोटं गारठलीत, शाई वाईट आहे, चुका झाल्या असतील तर माफ करा, आणि वाचणाऱ्याने माझ्या आत्म्यासाठी एक प्रार्थना म्हणावी. अशा ओळी आल्या की बाई वाचायच्या थांबायच्या, ओठ हलवायच्या, छातीवर क्रूस काढायच्या आणि मगच पुढे. "त्याने मागितलंय, मग द्यायला नको का?" त्या म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. आवडायचं म्हणजे, तेव्हा काही आवडण्याच्या स्थितीत मी नव्हते, पण ते झालं की मी मान वर करून पाहायचे एवढं खरं.

आईच्या तेराव्याला सकाळी बाबांचा मेसेज आला. 'फोटोला हार घाल. कुंकू लाव. ती सवाष्ण गेली.' हार कुठला मिळणार, बागेतली चार फुलं ठेवली. काचेवर कुंकू टिकेना, नुसती भुकटी खाली सांडायची. मग ते खोबरेल तेलात कालवलं आणि बोटाने फोटोला लावलं. बोटाला उरलेलं सवयीने स्वतःच्या कपाळाला पुसलं. एरवी ऑफिसला जाताना मी टिकली लावते, तीही बारीक. त्या दिवशी ते पुसायचं ध्यानातच राहिलं नाही. टार्निटच्या स्टेशनवर कुणाला त्याचं काय नवल! निम्मा प्लॅटफॉर्म आपलाच असतो.

अकराच्या सुमारास मी पाचवी वही काढली. तिच्यात शेवटी एक सुटं पान होतं. शिवण कधीच सुटलेली. वही फोमच्या उशीवर ठेवताना ते पान निसटलं आणि तरंगत खाली गेलं. मी धरायला पुढे झाले आणि माझ्या बुटाचं टोक त्याला लागलं.

पुढचं मी केलंच नाही, ते हातांनी केलं. पहिलीपासून हात जे करत आलेत तेच. पुस्तकाला पाय लागला. पटकन उचललं, डोळे मिटले, कपाळाला लावलं.

डोळे उघडले तर पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत, शेवटच्या ओळीच्या खाली, लाल गोल. नखाएवढा. तेलासकट.

अरे देवा! मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कुणीही नव्हतं. टिश्यूने टिपावं की नाही ते कळेना. टिपलं तर पसरेल. हात लावला नाही. बाथरूममध्ये जाऊन कपाळ घासून घासून लाल केलं. परत आले आणि, सांगायला लाज वाटते, कामाला लागले. पानाला आकडा घातला. फोटो काढला. नोंदीत लिहिलं: 'खालच्या समासात लाल डाग, सुमारे एक सेंटिमीटर.' त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. डाग कशाचा, कधीचा, हे मी लिहिलंच नाही.

तो शुक्रवार होता. सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या पेटीकडे पाठ करून बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मॅनेजर नुसती कॉफी घेऊन बाजूने गेली तरी मी घाईघाईने दुसरी पेटी उघडायचे. सांगून टाकावं, असं मनात आलं की लगेच दुसरं मन विचारायचं, आणि नोकरी? आईला बघायला गेली नाहीस ती कशासाठी? हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला?

गुरुवारी बाई आल्या. पाचव्या वहीचं सुटं पान त्यांच्यापुढे ठेवण्याआधी मी दोनदा हात धुऊन आले. त्यांनी भिंगातून खालच्या ओळी वाचल्या. नेहमीसारख्या थांबल्या, ओठ हलवले, क्रूस काढला. मग भिंग खाली सरकलं आणि तिथेच राहिलं.

"हे तू पाहिलंस?" त्या कुजबुजल्या. "लाल. सगळ्या सात वह्यांत कुठेही लाल नाही. लाल रंग त्याच्याकडे होताच कुठे? आणि इथे, प्रार्थना मागितल्यावर, त्याने बोट टेकवलंय. सही केल्यासारखं."

मी दिवा जरा जवळ सरकवून दिला.

त्यानंतर दोन तास बाई तरुण झाल्या होत्या. मोजत होत्या, वहीत पेन्सिलीने लिहीत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या आयरिश मंडळात त्या यावर बोलणार होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवलं, स्वतःचं म्हणून काही शोधलं नाही, ते या वयात सापडलं म्हणाल्या. "आणि फोटो तू काढलास, तुझं नावही घेईन हं मी," म्हणाल्या.

बघा, कसं आयतं चालून आलं होतं! आता तो डाग माझा राहिलाच नव्हता, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा झाला होता. मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. गप्प बसायला काय लागतं? जन्मभर कुणाला कळलं नसतं. नोकरी शाबूत, बाई खूश, आयरिश मंडळ खूश.

जायच्या वेळी बाई काठी घेऊन उठल्या आणि पुन्हा वाकून त्या लाल गोलाच्या जरा वर हात धरला, न टेकवता. "बिचारा," त्या म्हणाल्या. "त्याचं बोट." आणि परत क्रूस काढायला हात उचलला.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

त्यांना कळलंच नाही. मग सगळं सांगितलं. पान पडलं, पाय लागला, कपाळाला लावलं.

"पाय लागला म्हणून कपाळाला?"

"हो. आमच्यात तसंच करतात."

"आणि लाल कशाने?"

"माझी आई वारली. तेरावा दिवस होता," मी म्हणाले. इंग्रजीत ते वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. आवाज ट्रेनच्या अनाउन्समेंटसारखा, सपाट. मला स्वतःलाच ऐकून चमत्कारिक वाटलं, की ही कोण बोलतेय.

बाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा पडला तो मला दिसला. शोध गेला होता त्यांचा, आणि त्याचं दुःख त्यांनी लपवलंही नाही. स्वतःच्या टिपणांचं पान त्यांनी सावकाश फाडलं, चार घड्या घातल्या. "मी मंडळात उभी राहून हे बोलले असते," त्या म्हणाल्या. "तू बोलू दिलं असतंस मला?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "जा, आत्ताच्या आत्ता तुझ्या मॅनेजरला सांग. मी सांगण्याआधी तू सांग." रागावूनच म्हणाल्या. पण दारापर्यंत माझ्या दंडाला धरून आल्या.

मॅनेजरच्या खोलीत मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने मला बसवलं आणि एक फॉर्म काढला. काय झालं, केव्हा झालं, पदार्थ कोणता, कारण काय. 'पदार्थ'मध्ये हळद, चुना आणि खोबरेल तेल लिहिलं. 'कारण' या चौकटीशी पेन्सिल अडली. ती म्हणाली, जे झालं ते लिही. मी लिहिलं: 'कर्मचाऱ्याने आदर म्हणून पान कपाळाला लावले.' तिने वाचलं, बराच वेळ पाहिलं आणि काही न बदलता सही केली. म्हणाली, तेल कागदात मुरलंय, पूर्ण निघायचं नाही. नोंद मात्र खरी राहील. सहा दिवस गप्प राहिलीस हे वाईट केलंस, ते मी फाइलला लावणार आहे.

"आणि जागा?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"जागा तुलाच मिळालीय. काल वरून मंजुरी आली. आज जे सांगितलंस ते मला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर काढून घेतली असती."

मला आनंद व्हायला हवा होता. मी थँक्यू म्हणाले.

ती फॉर्म बाजूला ठेवून म्हणाली, "तेरावा दिवस म्हणालीस. म्हणजे आई गेली कधी?"

मी तारीख सांगितली. तिने टेबलावरचं कॅलेंडर ओढलं, बोट ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी?"

"हो. त्याआधी चार दिवस आयसीयूत होती."

"मग तू इथे काय करत होतीस?"

"इंटरव्ह्यू होता ना," मी म्हणाले.

तिने कॅलेंडर परत जागेवर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आम्ही पुढे ढकलला असता. एक ईमेल करायचा होतास. एका उमेदवाराच्या कुत्र्याचं ऑपरेशन होतं, तर तिचा आम्ही आठवडाभर पुढे ढकलला. तुला रजाही मिळाली असती, पगारी. तू मागितलीच नाहीस."

मागायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. इंटरव्ह्यूची तारीख म्हणजे बोर्डाच्या परीक्षेची तारीख, ती कुणासाठी हलत नसते, असंच मी धरून चालले होते. बाबांनीही तेच धरलं होतं. आम्हा दोघांपैकी एकालाही, 'विचारून तर बघ', एवढं सुचलं नाही. बुधवारी ईमेल केला असता तर शुक्रवारी मी पुण्यात असते. शुक्रवारी आई शुद्धीवर होती. चमच्याने पाणी प्याली होती.

खाली येऊन मी लायब्ररीच्या मागच्या बाकावर बसले. ऊन चांगलं होतं, विद्यार्थी गवतावर पाय पसरून सँडविच खात होते. पुण्यात सकाळ. बाबांना फोन लावला.

"बाबा, नोकरी मिळाली. पर्मनंट."

"पर्मनंट?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग बाबा रडायला लागले. आईच्या वेळी ते माझ्यासमोर रडले नव्हते. आता अगदी लहान मुलासारखे रडत होते.

"बरं झालं गं बाळा," ते म्हणाले. "फार बरं झालं. रोज मनात यायचं, मीच तुला अडवलं. मीच तुझी न् तिची भेट होऊ दिली नाही. झोप लागायची नाही. पण तू आली असतीस तर ही नोकरी गेली असती ना? गेलीच असती ना?"

अठरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेचना. मी फोन तोंडापासून लांब धरला, श्वास घेतला, परत जवळ आणला.

"हो बाबा," मी म्हणाले. "गेलीच असती."